डाव्या पायाचा आवाज

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मार्चमधल्या त्या दुपारी आमचं मालवाहू विमान रनवेवर उतरता उतरता डाव्या अंगावर बसलं. पंखा जमिनीला घासून वाकला, ठिणग्या उडाल्या, आणि हँगरच्या दारात बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन उभा असलेल्या माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बरी जिरली. पायलटचा विचार त्यानंतरचा. मी काही राक्षस नाही. रविवारी बायकोला पोळ्या लाटून देणारा साधा माणूस आहे. पण आलं ते आलं.

जिरायची होती ती माझ्याच एका माणसाची. मीच त्याला इथे, कॅनडातल्या रेजिना शहरात आणलं होतं.

आमचं हँगर विमानतळाच्या अगदी कडेला. कंपनी लहान, दोन पंख्यांची तीन विमानं. सस्कॅचवानच्या उत्तरेला, जिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून होतात त्याखेरीज धड रस्ते नाहीत, अशा वस्त्यांना माल न्यायचा. दूध, बटाटे, डायपर, टपाल, पंपाचे सुटे भाग. येताना विमान रिकामं, नाहीतर कुणाचं तरी बिघडलेलं स्नोमोबिल घेऊन यायचं. आम्ही सहा-सात मेकॅनिक, वर एक चीफ. मराठी दोनच, मी सिन्नरचा आणि तो नागपूरचा.

कॅनडात विमानाला हात लावायला एप्रन्टिसही चालतो. पण काम झाल्यावर ‘हे विमान आता उडायला योग्य आहे’ अशी सही फक्त लायसन्सवाला करतो. मी भारतात पंधरा वर्षं विमानदलात काढली होती. चाकं, ब्रेक, लँडिंग गिअर, हायड्रॉलिक, हेच माझं जग. इथे आलो तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा एप्रन्टिस झालो. लायसन्सच्या परीक्षेत यंत्राचे पेपर मी हसत हसत काढले आणि कायद्याच्या पेपरात आपटलो. परत बसलो, परत आपटलो. कोणती नोंद किती दिवस जपायची, कुणाला कधी कळवायचं, असले प्रश्न. मी म्हणायचो, विमान काय कागदावर उडतं का? बायको म्हणायची, विमान नसेल उडत, पण परीक्षा कागदावरच असते.

तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नागपूरहून विमानाचा डिप्लोमा करून आलेला आणि टोरोंटोत एका गोदामात खोके उचलत बसलेला. कुणाच्या तरी ओळखीने त्याचा फोन आला. ‘दादा, तुमच्याकडे काही होऊन जाईल का?’ मी चीफकडे शब्द टाकला आणि तो आला. सात महिने आमच्या बेसमेंटमध्ये राहिला. बायकोने त्याला रोज डबा दिला. माझी मुलगी माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायची, ती ह्याच्या नागपुरी बोलण्यावर खिदळायची आणि ह्याच्याशी मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलायची. तिथूनच कुठेतरी खुपायला लागलं असणार.

अभ्यास त्याने माझ्याच नोट्सवर केला. माझ्याच पिवळ्या रेघा, माझीच कोपऱ्यातली बारीक अक्षरं. कायद्याच्या पेपरात पहिल्या झटक्यात पास झाला आणि तीन वर्षांत लायसन्स त्याच्या खिशात. बायकोने मिल्क पावडरचे पेढे केले. मीच ते हँगरमध्ये वाटले, गोऱ्यांना सांगितलं, माझा माणूस आहे. घरी उरलेल्यांतला एकही पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आमच्याकडे म्हणतात. ते मी नुसतं ऐकलं होतं, आता रोज सकाळी सातला हँगरमध्ये बघत होतो. काम मी करायचं, सही तो करणार. माझ्या हातून गेलेल्या विमानाखाली त्याचं नाव.

एवढं असूनही सुरुवातीला आमचं बरं चाललं होतं, आणि त्याला कारण आमची दोघांची एक पद्धत. शिफ्ट संपताना पुढच्या माणसासाठी एका वहीत इंग्रजीत लिहून ठेवायचं, काय झालं, काय राहिलं. त्या वहीत मोजता येईल तेवढंच लिहायचं. ‘आवाज बरोबर वाटत नाही’ असं कुणी लिहिलं, की ती तक्रार होते, आणि तक्रार मिटेपर्यंत विमान जागचं हलत नाही. म्हणून मनात आलेलं कुणी लिहीत नसे. पण आम्ही दोघं ते बोलायचो. बाहेर पार्किंगमध्ये, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावलेली गाडीच्या हीटरची वायर खांबावरून काढता काढता, मराठीत. ‘उजव्या इंजिनाला आज जरा कणकण आहे बघ.’ ‘मागच्या दाराच्या बिजागरीवर लक्ष ठेव.’ पुढचा माणूस मग मुद्दाम तिथे जाऊन बघायचा. अशी एकदा हायड्रॉलिकची फुगलेली नळी फुटायच्या आधी सापडली होती. चीफला हे ठाऊक होतं. तो विचारायचा, तुमचं मराठी इन्स्पेक्शन झालं का?

मग त्याला लीड मेकॅनिक केलं. माझ्या वर.

पहिल्याच आठवड्यात त्याने माझं एक वर्ककार्ड परत आणलं. सगळे कॉफी पीत उभे होते. हळूच म्हणाला, ‘दादा, इथं टॉर्क लिहिला नाही तुम्ही. तेवढा लिहून द्या नं.’ नट किती जोराने आवळला तो आकडा लिहायचा राहिला होता, चूक माझी होती. तो ओरडला असता, माजला असता, तर मला सोसलं असतं. इतक्या मऊपणे सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आकडा असा लिहिला की पेनने कागद फाटला. आणि त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला.

अबोला ही आमच्या घराण्याची कला आहे. माझे वडील सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलले नव्हते, आणि दोघं एकाच पंगतीत शेजारी बसून जेवायचे. मी ती कला हँगरमध्ये आणली. जॅक हवा असला तर मी शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला म्हणायचो, त्याला सांग जॅक पाहिजे. तो चार फुटांवर उभा. म्हातारा दोन दिवस निरोप पोचवत राहिला, मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, इज इट अ रिलिजस थिंग? मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्याने आदराने मान डोलावली आणि पुढे मुकाट्याने निरोप पोचवले.

नागपूरकराने त्याच्या परीने प्रयत्न केले. स्वतःच्या बायकोच्या हातचा चिवडा आणून माझ्या टूलबॉक्सवर ठेवला. मी तो गोऱ्यांना वाटून टाकला. सकाळी ‘नमस्कार दादा’ म्हणायचा, मी पान्याकडे बघायचो. पार्किंगमध्ये वायर काढताना तो दोन मिनिटं जास्त रेंगाळायचा, मी गाडी काढून निघून जायचो. तीन आठवडे हे चाललं. घरी बायको म्हणाली, तुम्ही पन्नाशीकडे निघालात की बालवाडीकडे? मी तिच्याशीही एक दिवस बोललो नाही.

आणि मग ती टेस्ट आली.

लँडिंग गिअरची तपासणी अशी करतात. विमान जॅकवर उचलून धरायचं, चाकं अधांतरी. एक माणूस कॉकपिटमध्ये बसून लिव्हर ओढतो, चाकांचे पाय पोटात जातात, मग खाली येतात आणि पक्के बसतात. बसले की वर तीन हिरवे दिवे लागतात. वरच्या माणसाला दिवे दिसतात, बाकी काही नाही. दुसरा माणूस पंखाखाली उभा राहून बघतो आणि ऐकतो. त्या दिवशी वर तो होता आणि खाली मी. दर वेळी असंच असायचं, कारण गिअरच्या बाबतीत माझ्याइतका कान हँगरमध्ये कुणाला नव्हता. हे मी म्हणत नाही, सगळेच म्हणायचे.

पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदा पाय खाली आले. नाकाचा पाय खट्. उजवा खट्. आणि डावा जरा थांबून खट्. किती थांबून? पापणी लवेल एवढं. पुस्तकात जी वेळेची मर्यादा दिली आहे तिच्या कितीतरी आत. दिवे तिन्ही हिरवे. मी वाकून पाय पक्का धरणाऱ्या कुलपाची जागा बघितली, बोट फिरवलं, हलवून पाहिलं. काही नव्हतं. पण मला ते पटलं नाही. पंधरा आणि पाच, वीस वर्षांत मी किती पाय वरखाली होताना ऐकले असतील, तो आवाज त्यातला नव्हता. पार्किंगमध्ये सांगायची गोष्ट होती ती. सांगितली असती तर त्याने अजून दहा वेळा पाय वरखाली करायला लावले असते, किंवा त्या कुलपाची कडी उघडून बघितली असती. तो तसाच आहे, चिवट.

त्याने कॉकपिटच्या बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाकीचे जेवायला गेले होते, हँगरमध्ये आम्ही दोघंच. माझा तीन आठवड्यांचा अबोला न जुमानता त्याने मला मराठीत विचारलं, ‘दादा, कसा वाटून राहिला?’

माझ्या जिभेवर होतं. शपथेवर सांगतो, जिभेवर होतं. आणि मनात आलं, लायसन्स तुझं आहे ना? मग ऐक की तुझं तू. माझ्याकडून ऐकायचं आणि सही मात्र तू ठोकायचीस? मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि अंगठा वर केला.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला, खाली उतरला, मी भरलेलं कार्ड घेतलं आणि त्यावर सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते विमान उत्तरेहून परत येत होतं. मी दारापुढचा बर्फ शोव्हल करत होतो. ऊन इतकं लख्ख की डोळे उघडत नव्हते. विमान छान टेकलं, दोन्ही चाकं एकदम, आणि पळता पळता डावा पाय आत दुमडला. पंख खाली आला, पंखा वाकला, विमान स्वतःभोवती अर्धं फिरून रनवेच्या कडेच्या बर्फात जाऊन थांबलं. बर्फाचा धुरळा खाली बसेपर्यंत काही दिसेना.

बरी जिरली, हे त्या धुरळ्यातलं. किती वेळ टिकलं म्हणाल तर चार-पाच श्वास. मग पायलट आठवली. सव्वीस-सत्तावीसची, हसरी पोरगी, मला बघून नेहमी ‘हॅलो सर’ म्हणणारी, आमच्या हँगरमध्ये मला सर म्हणणारी एकटीच. फायर ट्रक निघाले. मी शोव्हल टाकून धावायला लागलो, बूट घसरले, गुडघ्यावर पडलो. उठलो तेव्हा ती विमानाचं दार उघडून खाली उतरली होती. एका हातात डब्याची पिशवी होती. ती का घेतली हे तिला नंतरही सांगता आलं नाही. कपाळावर खरचटलं होतं, बाकी धडधाकट. मी तिथेच बर्फात बसलो आणि मला घळाघळा रडू आलं. नागपूरकर माझ्या पुढून तिच्याकडे धावत गेला. त्याने स्वतःचं जॅकेट काढून तिच्या अंगावर घातलं. मला तेव्हाही वाटलं, हे मला का नाही सुचलं.

त्याच संध्याकाळी सगळी लॉगबुकं आणि वर्ककार्डं सीलबंद झाली. सरकारी तपासाचे लोक येणार होते. त्याआधी कंपनीने आपली चौकशी सुरू केली. नागपूरकराला सही करायला मनाई झाली. तो रोज यायचा, हँगर झाडायचा, कुणाचे तरी पाने पुसून ठेवायचा, जायचा. कॉफीच्या मशीनपाशी कुजबुज सुरू झाली होती. ह्या दोघांचं बोलणं बंद होतं. मग टेस्ट झाली तरी कशी? बहुतेक झालीच नसेल, नुसती कागदावर टिक मारली असेल. आमच्या धंद्यात ह्याहून मोठं पाप नाही. काम न करता सही केली असं ठरलं असतं तर त्याचं लायसन्स गेलं असतं, आणि एकदा असं गेलेलं लायसन्स परत मिळालं तरी त्या माणसाला कुणी विमानाजवळ उभं करत नाही. माझं काय जाणार होतं? माझ्याकडे जायला होतंच काय.

जेवताना बायकोने विचारलं, ‘तुम्हाला काही ठाऊक आहे का ह्यातलं?’ मी म्हटलं, ‘मला काय ठाऊक असणार? सही त्याची आहे.’ सकाळी ओट्यावर दोन डबे होते. एक माझा. दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, त्याला द्या, घरात जेवण सुचत नसेल त्यांना. मी म्हटलं, माझ्यासाठी नाही कधी असा जास्तीचा डबा केलास. ती म्हणाली, तुमच्यावर कधी अशी वेळ आली नाही. मी तो डबा नेला, हँगरच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि त्याला सांगितलंच नाही. संध्याकाळी तसाच परत आणला. वांग्याची भाजी होती. ती गाडीत बसून मी खाल्ली.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. चीफ चांगला माणूस, धिप्पाड, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं कागदी कपात थुंकायचा. टेबलावर एक कागद होता. म्हणाला, ‘मी तुला सरळ विचारतो. तुम्ही दोघं बोलत नव्हता हे अख्ख्या हँगरला माहीत आहे. टेस्ट झाली का?’

मी म्हटलं, ‘झाली.’

‘सगळं नॉर्मल?’

मी घरून ठरवून आलो होतो. नॉर्मल म्हणायचं, बस. खोटं कुठे होतं? मर्यादेच्या आतच तर होतं. पुढे त्याचं तो बघेल. टेस्ट नॉर्मल आणि तिसऱ्या दिवशी पाय दुमडला, म्हणजे टेस्ट झालीच नाही असं लोक म्हणतील. म्हणू देत.

मी उत्तर द्यायच्या आत चीफने तो कागद उचलला. ‘त्याने हे लिहून दिलंय,’ म्हणाला आणि वाचायला लागला. इंग्रजीत होतं, पण मला त्यातून त्याचाच आवाज ऐकू येत होता. टेस्ट पूर्ण झाली. मी वर होतो, ते खाली होते. मी त्यांना विचारलं, त्यांनी ठीक असल्याची खूण केली. लँडिंग गिअरबद्दल ह्या हँगरमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, मला जे येतं ते त्यांनी शिकवलं. काही असतं तर त्यांनी मला सांगितलंच असतं. सही माझी आहे, जबाबदारीही माझी आहे. त्यांना ह्यात ओढू नये.

हे वाचून माझं मन विरघळलं असं कुणाला वाटेल. तसं लिहिता आलं असतं तर बरं होतं. मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. परीक्षेत पुढे, पगारात पुढे, माझ्या पोरीच्या हसण्यात पुढे, माझ्या बायकोच्या डब्यात पुढे. आणि आता चांगुलपणातही हाच पुढे जाणार? मी इथे खोटं बोलून घरी जायचं आणि ह्याने साधू होऊन बसायचं? जन्मभर मला हे ऐकवलं जाणार, कुणी न बोलताच. नाही म्हटलं. एवढं तरी ह्याला मिळू द्यायचं नाही.

आणि मी सांगितलं. तिसऱ्या वेळेला डावा पाय उशिरा बसला. मला ते ऐकू आलं. पटलं नाही. त्याने मला विचारलं आणि मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं चीफने विचारलं. मी म्हटलं, ‘मी त्याच्यावर जळतो म्हणून.’ इंग्रजीत ते वाक्य इतकं छोटं निघालं की मलाच विचित्र वाटलं. चीफच्या तोंडातल्या बिया थांबल्या. त्याने टरफलं कपात थुंकली. मग म्हणाला, हे सगळं लिहून दे, तुझ्या हाताने.

मी लिहून दिलं. सरकारी माणसं आली तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. टेस्ट झाली होती, विचारलं गेलं होतं, लपवलं ते खालच्या माणसाने, हे कागदावर आलं आणि नागपूरकराला महिन्याभरात सही परत मिळाली. मला विमानांपासून दूर, पार्ट्सच्या खोलीत टाकलं. सहा महिने मी नट आणि वॉशर डब्यांत भरले. काढून का टाकलं नाही हे मला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

तपासाचा रिपोर्ट जवळजवळ वर्षाने आला. कुलपाच्या आतल्या एका कडीला भेग होती, धातूच्या पोटात, बाहेरून डोळ्याला न दिसणारी. दोष यंत्राचा, माणसाचा नाही. माझ्या त्या आवाजाबद्दल दोन ओळी होत्या. तो भेगेमुळे आला असू शकतो, नसूही शकतो. त्या दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की बायकोने रिपोर्ट उचलून कपाटात टाकला.

मी काय लिहून दिलं ते त्याला चीफने दाखवलं होतं. मी वाट बघत होतो की तो येईल, भांडेल, निदान विचारेल. भांडला असता तर मीही दोन शब्द ऐकवले असते. तो आला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. गुड मॉर्निंग. हॅव अ गुड वीकेंड. बाकीच्या गोऱ्यांशी बोलतो तसं, हसून, व्यवस्थित. माझ्या घरी दिवाळीला आला, बायकोला ‘वहिनी, चकल्या मस्त झाल्या’ म्हणाला, पोरीला वऱ्हाडी विनोद सांगितले. माझ्याकडे वळला की इंग्रजी. अबोल्याची कला आमच्या घराण्याची, पण त्याने ती माझ्याहून चांगली केली.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी मी तिसऱ्यांदा कायद्याच्या पेपरला बसलो आणि पास झालो. आता लायसन्ससाठी एकच गोष्ट उरली. मी आजवर कोणकोणती कामं केली त्याची वही भरायची आणि प्रत्येक ओळीपुढे, ज्या लायसन्सवाल्याच्या हाताखाली ते काम झालं त्याची सही घ्यायची. ह्याचा अर्थ एवढाच की हा माणूस हे काम नीट करतो, मी पाहिलं आहे. गेल्या काही वर्षांच्या बहुतेक ओळी त्याच्याच हाताखालच्या. दोन रविवार बसून मी वही भरली आणि सोमवारी त्याच्या टेबलावर ठेवली. ‘व्हेन यू हॅव टाइम,’ म्हणालो. ‘शुअर,’ म्हणाला.

त्याने चार दिवस घेतले. जुनी वर्ककार्डं काढून एकेक ओळ ताडून बघत होता, मी लांबून बघत होतो. शुक्रवारी वही माझ्या टूलबॉक्सवर होती. पानामागून पान त्याची सही, सरळ, स्वच्छ, एकही घाईत मारलेली नाही. एका ठिकाणी माझा आकडा चुकला होता तो त्याने पेन्सिलीने दुरुस्त केला होता. आणि एक ओळ कोरी होती. लँडिंग गिअरची टेस्ट, त्या मार्चमधली. तिच्यापुढे काही लिहिलं नव्हतं, खाडाखोड नाही, शेरा नाही. नुसती सोडून दिली होती.

त्या एका ओळीवाचून माझं काही अडलं नाही. कामं पुरेशी होती. लायसन्स आलं, बायकोने पेढे केले, मी खाल्ले. आता मीही सही करतो.

पण ती ओळ मी वहीत लिहिली नसती तरी चाललं असतं, हे मला लिहितानाच माहीत होतं. मी ती मुद्दाम घातली होती, गिअरच्या कामांच्या चाळीसेक ओळींच्या मधोमध, नजरेतून सुटेल अशी. मला वाटत होतं की तो तिच्यापुढेही सही करेल. दमून, कंटाळून, नाहीतर माझी दया येऊन, एक खोटी सही करेल आणि माझ्या पंगतीला येऊन बसेल.